मागचा कॅमेरा: अकरा महिने आणि कोकणातला एक अख्खा पावसाळा

गेल्या मे महिन्यात अंगणातून गाडी मागे घेत होतो. तिन्ही आरसे बघितले, मागे कोणी नव्हतं. तेवढ्यात आई ओरडली म्हणून ब्रेक दाबला. शेजारचा तीन वर्षांचा पोरगा मागच्या बंपरला लागून मातीत खेळत बसला होता. बसलेलं लहान मूल डिकीच्या काचेतून दिसतच नाही. माझी गाडी 2014 ची. मागे काही आलं की वाजणारे रिव्हर्स सेन्सर नव्या गाड्यांना सक्तीचे झाले 1 जुलै 2019 पासून, त्यामुळे तेही नव्हते. त्याच आठवड्यात रत्नागिरीला जाऊन स्क्रीन आणि कॅमेरा बसवून घेतला.

रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच दिव्याच्या 12 व्होल्टवर कॅमेरा सुरू होतो, तिथलीच एक वायर स्क्रीनला चित्र दाखवायचा इशारा देते आणि पिवळ्या पिनच्या केबलमधून चित्र पुढे येतं. हे माहीत असलं की बिघाड शोधायला सोपं जातं. रिव्हर्स टाकूनही स्क्रीन बदललीच नाही, तर आधी ती इशाऱ्याची वायर बघा. स्क्रीन बदलली पण चित्र नाही, तर कॅमेऱ्याची सप्लाय किंवा केबल.

चित्र आरशासारखं उलटवलेलं असायला हवं, म्हणजे डावीकडचा खांब डावीकडेच दिसतो. बसवणाऱ्याने हे न तपासताच गाडी माझ्या ताब्यात दिली आणि पहिल्या दिवशी मी भलत्याच बाजूला स्टिअरिंग फिरवत होतो. दुकानातून निघण्याआधी एकाला गाडीच्या मागे एका बाजूला उभं करून खात्री करून घ्या.

मागच्या वस्तूचं अंतर कळावं म्हणून स्क्रीनवर दिसणाऱ्या रंगीत रेषांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. माझ्या कॅमेऱ्यातल्या रेषा स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, आणि त्या मागची जमीन सपाट आहे असं धरून आखलेल्या असतात. आमच्या घराची वाट चढाची. चढाकडे गाडी मागे घेताना गडगा (दगडी कुंपण) सगळ्यात जवळच्या लाल रेषेच्या बराच पलीकडे दिसत होता आणि बंपर चिऱ्याला घासला. जमीन मागे वर चढत गेली की तिच्यावरची वस्तू चित्रात वर सरकते, म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते. उभ्या ट्रकचा बाहेर आलेला हौदा किंवा टेम्पोतून लोंबणाऱ्या सळ्या जमिनीपासून उंच असल्याने चित्रात अशाच वर दिसतात आणि फसवतात. त्यानंतर सपाट जागी टेपने मोजून अर्ध्या, एक आणि दोन मीटरवर चिरे मांडले आणि ते कोणत्या रेषेवर येतात ते बघून ठेवलं. दहा मिनिटांचं काम, पण आता अंदाज पक्का बसलाय.

पावसाळ्यात चिखलाने लेन्स दोन दिवसांत तांबडी होते. आधी पाणी ओतून माती जाऊ द्यायची, मगच मऊ कापडाने टिपायचं. कोरडं पुसलं की मातीतले खडे लेन्सवर ओरखडे पाडतात आणि रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की तेच ओरखडे चमकतात. पेट्रोल, थिनर लावू नका. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा फवारा थेट कॅमेऱ्यावर मारू नको म्हणून दर वेळी सांगावं लागतं. बाहेरून पुसूनही धुकट दिसत असेल तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं असं समजा. माझं सील अजून शाबूत आहे.

सप्टेंबरात एक बिघाड झाला. डिकी आपटून लावली की चित्र यायचं, मध्येच जायचं. कॅमेरा गेला म्हणून नवीन घ्यायच्या बेतात होतो. आमच्या ओळखीच्या वायरमनने डिकीच्या बिजागरीजवळची रबराची नळी मागे सरकवली, तर आत वायर केसाएवढ्या दोन तारांवर तग धरून होती. डिकी उघड-बंद होताना वायर तिथेच वाकते. थोडी ढिली सोडून नवीन जोडून दिली, तेव्हापासून त्रास नाही.

रात्रीचं चित्र दाणेदार येतं, कारण माझा रिव्हर्सचा दिवा मंद आहे. तो बदलायचाय. तोवर अंधारात काच खाली करून, मान बाहेर काढूनच मागे घेतो, आणि शेजारचा पोरगा कुठे आहे ते आधी आईला विचारतो.