‘फ्रीरेन’ : आठ महिने, नऊ भाग आणि सुटलेला एक फर्मा

‘फ्रीरेन’ या मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, पहिल्या भागाच्या माझ्या प्रतीत मधली १६ पानं नाहीत, हे कळायला मला पाच महिने लागले. दोष अर्धा माझा, अर्धा या मंगाचा. यात एक पान उलटलं की सहा वर्षं जातात. नायिका फ्रीरेन, शतकानुशतकं जगणारी जादूगार, तिच्या दिवंगत सोबत्याच्या, वीर हिमेलच्या पुतळ्यासमोर उभी होती आणि पुढच्या पानावर भलत्याच गावात. मला वाटलं, गेली असतील चार वर्षं. वाचत राहिले.

भाची याच कथेची अॅनिमे मालिका बघून आली आणि म्हणाली, "मावशी, ते निळ्या फुलांचं काय सुंदर आहे ना!" कुठली निळी फुलं? मग पुस्तक काढून पानांचे आकडे मोजले. बांधणीत अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेला १६ पानांचा गठ्ठा, सुटला होता.

विक्रेत्याचं उत्तर : परत करायची मुदत सात दिवस. वर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पुस्तकाचा व्हिडिओ कोण काढतं हो? साधारण २०० पानं, ४३० रुपये. पानाला २ रुपये १५ पैसे. १६ पानांचे झाले ३४ रुपये. ते तरी द्या म्हटलं. तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे.

आता मंगाबद्दल. कानेहितो यामादा यांची कथा, त्सुकासा आबे यांची चित्रं. २०२१चा मंगा ताइशो पुरस्कार वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या वाचनात मी वैतागले होते. एक भाग चाळीस मिनिटांत संपतो, जवळपास अकरा रुपयांना एक मिनिट पडतं, आणि त्यातही फ्रीरेनबाई दुपारपर्यंत झोपलेल्या. गोड द्राक्षं आंबट करायचा मंत्र जमवत फिरतात. आमच्या नाशकात त्याला मंत्र लागत नाही.

पानं मोजण्यासाठी दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि मत फिरलं. कारण एकच, चित्रांवरच्या काळ सांगणाऱ्या त्या पट्ट्या. ‘वीर हिमेलच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी’, मग २६, २७, २८. इथे काळ मोजायचा तो हिमेल गेल्यापासून. आमची आजी असंच सांगायची : "अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी विहिरीला पाणी लागलं." सन विचारला की चिडायची. फ्रीरेन हजार वर्षांहून जास्त जगलेली, हिमेलसोबत फिरली जेमतेम दहा वर्षं, आणि त्याच्या दफनाच्या वेळी रडते ते त्याला समजून घेतलं नाही म्हणून. त्यानंतर पट्टीतला प्रत्येक आकडा जड वाटतो. मी वहीत लिहून काढलेत सगळे.

क्वालचा प्रसंगही दुसऱ्या खेपेलाच कळला. या राक्षसाचा मारणमंत्र एके काळी अजिंक्य होता. त्याला ८० वर्षं कोंडून ठेवलं, तेवढ्यात माणसांनी तो मंत्र चिरून अभ्यासला आणि आता तो साधा हल्ल्याचा मंत्र म्हणून सगळ्यांना शिकवतात. फ्रीरेनची कोवळी शिष्या फर्न तो सहज अडवते. ८० वर्षं फ्रीरेनसाठी किरकोळ. माणसांच्या मात्र दोन-तीन पिढ्या त्यात खपल्या. मारामारी दोन-चार पानांत आटपते, म्हणून आधी मी नाक मुरडलं होतं. ते मागे घेते.

मागे घेणार नाही ती बांधणी. चौथ्या भागाचा कणा दुसऱ्या वाचनातच तडकला. डिंक सुकलेला, पुस्तक पूर्ण उघडलं की कर्र आवाज. जोडपानावरचं चित्र मधोमध खोबणीत जातं ते वेगळंच.

शेवटी पहिला भाग पुन्हा विकत घेतला. होय, ४३० रुपये. ती १६ पानं पाच मिनिटांत वाचून झाली : हिमेलच्या गावचं फूल त्या भागातून नाहीसं झालेलं, फ्रीरेन सहा महिने शोधत राहते, फर्न कंटाळते, आणि शेवटी एका बियाचोर उंदराच्या मागे गेल्यावर अख्खा निळा मळा सापडतो. हे नसताना मी नऊ भाग वाचले होते!

घेणार असाल तर पुस्तक आलं त्याच दिवशी पानं मोजा. काठापर्यंत चित्र असलेल्या पानांवर आकडा नसतो, त्यामुळे छापलेला आकडा गाठून तिथून पुढे बोटांवर मोजावं लागतं. मुदत सात दिवसांचीच आहे.