उरी पक्ष की पीपल्स पार्टी : अभ्यासासाठी कोणता?

दक्षिण कोरियातील उदारमतवादी पक्षाच्या उदयास्तावर प्रबंध लिहू पाहणारी एक विद्यार्थिनी या दोन पक्षांत अडकली आहे.

राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांच्या समर्थकांनी २००३ मध्ये स्थापलेल्या उरी पक्षाला, संसदेने मार्च २००४ मध्ये रो यांच्यावर महाभियोग मंजूर केल्याने उसळलेल्या लोकक्षोभामुळे, एप्रिलच्या निवडणुकीत २९९ पैकी १५२ जागा मिळाल्या. उद्योजकतेतून राजकारणात आलेल्या आन चोल-सू यांच्या पीपल्स पार्टीला २०१६ मध्ये ३८ जागा मिळाल्या. त्यांपैकी २३ देशाच्या नैर्ऋत्येकडील एकट्या होनाम प्रदेशातील होत्या.

टिकाऊपणात दोन्ही पक्ष उणेच ठरले. उरीचा ऱ्हास मला अधिक अस्वस्थ करतो, कारण बहुमत हाती असूनही त्याला राष्ट्रीय सुरक्षा कायदा (उत्तर कोरियाधार्जिण्या कारवायांना गुन्हा ठरवणारा) रद्द करता आला नाही, अंतर्गत गटबाजी वाढत गेली, २००६ च्या स्थानिक निवडणुकांत महानगरांचे महापौर व प्रांतांचे राज्यपाल अशा सोळा प्रमुख पदांपैकी एकच पदरी पडले आणि ऑगस्ट २००७ मध्ये पक्ष विसर्जित झाला. पीपल्स पार्टी २०१८ मध्ये पुराणमतवादी बारून पक्षाशी एकत्र येऊन नव्या बारूनमिरे पक्षात विलीन झाली, तेव्हा होनामचे अनेक खासदार बाहेर पडले.

सत्ता आणि सुधारणा यांचा संबंध तपासायचा असेल, तर उरी घ्यावा; प्रादेशिक मतपेढी आणि नेताकेंद्री तिसरा पर्याय अभ्यासायचा असेल, तर पीपल्स पार्टी पुरेशी आहे.