आईबाबांनी ठरवलेलं की स्वतः निवडलेलं?
मैत्रीण अडकलीय, घरच्यांचं स्थळ की स्वतःची पसंती, म्हणून बायबल उघडून बसले.

संमतीचं बघा. उत्पत्ति 24 मध्ये अब्राहामाच्या मुलासाठी, इसहाकसाठी, मुलगी शोधायला अब्राहामाचा सेवक गेला, पण तिथंही मुलीच्या घरच्यांनी तिला, म्हणजे रिबकाला, विचारलंच, "जाशील का?" म्हणजे अरेंज्ड असलं तरी जबरदस्ती नाही.

स्वतः निवडण्यात धोका शमशोनसारखा, आईवडील नको म्हणत होते तरी दिसली-आवडली एवढ्यावर हट्ट केला आणि लग्न आठवड्याभरातच फिस्कटलं. पण याकोबाने राहेल स्वतःच पसंत केली, तिच्यासाठी 7 वर्षं राबला, सासऱ्याने फसवून आधी तिच्या मोठ्या बहिणीशी लग्न लावल्यावर आणखी 7! (सासरा असा नको बाई.)

विश्वासाची अट दोन्हीकडे सेम, 1 करिंथ 7:39, "केवळ प्रभूमध्ये", म्हणजे जोडीदार ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा हवा.

ओळखी कमी, घाई नाही, तर घरच्यांचं स्थळ बघ. माणूस नीट माहितीय आणि विश्वासातला आहे, तर स्वतः निवड, फक्त आईबाबांना आधी सांग.