पोर्टर-केबल 503 बेल्ट सँडर: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात इथे मिशिगनमध्ये एका इस्टेट सेलला, म्हणजे घरातलं जुनं सामान विकतात तिथे, रॉकवेलचं नाव असलेलं पोर्टर-केबल 503 मला 40 डॉलरला मिळालं. हा बेल्ट सँडर, म्हणजे फिरत्या सँडपेपरच्या पट्ट्याने लाकूड घासायचं मशीन. रॉकवेलने पोर्टर-केबल ही कंपनी 1960 मध्ये घेतली, म्हणजे मशीन त्यानंतरचं. हातात धरून चालवायचा बेल्ट सँडर पोर्टर-केबलनेच 1926 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधून ‘टेक-अबाउट’ नावाने आणला होता; 503 त्याच घराण्यातलं. पट्टा 3 बाय 24 इंची, अंग ओतीव ॲल्युमिनियमचं, वजन सात किलोच्या आसपास.

हे माझं दुसरं. पहिलं चकचकीत अंगाला भुलून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळालं. आता रंगरूप बघतच नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात मशीन चालू करतो आणि हवेच्या फटीतून आत बघतो. कार्बन ब्रशपाशी (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) बारीक निळ्या ठिणग्या असल्या तर हरकत नाही, पण ठिणग्यांचं कडं कम्यूटेटरभर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या गोल भागाभोवती, फिरत असेल तर मशीन तिथेच ठेवायचं. मग प्लग काढून मागचा रोलर हाताने पुढेमागे हलवायचा. थोडा खेळ चालतो. खडखड वाजलं तर वर्म गिअर (मोटरचा फिरका रोलरला देणारा स्क्रूसारखा गिअर) झिजलाय, आणि या मशीनचा जीव त्या गिअरमध्येच आहे.

घरी आणून गिअरबॉक्स उघडला. ग्रीस काळं पडून मेणासारखं घट्ट झालेलं. चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, पिवळ्या धातूचा कीस लागला नाही, म्हणजे गिअर झिजलेला नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ग्रीस आणि ब्रश बदलले. त्याआधी केबल बदलली: जुनी दोन तारांची होती, वरून तडकलेली. अंग धातूचं असताना अर्थिंगशिवाय हे मशीन हातात धरूच नये.

यंदाच्या गणपतीसाठी मेपलचा चौरंग करतोय. पाच फळ्या डिंकाने जोडल्या, सांध्यांवर चढउतार राहिलेच. 80 नंबरचा (जाडसर खरखरीचा) पट्टा लावून आधी तिरकं, मग रेषांच्या दिशेने फिरवलं. दाबावं लागत नाही. काम वजनच करतं, हातांनी फक्त दिशा द्यायची. आवाजही किंचाळणारा नाही, खालच्या पट्टीत घुमतो.

कडेला मात्र सांभाळून. मशीनचं नाक जरा खाली गेलं की खळगा पडलाच. प्लायवूडवर तर मी हे वापरतच नाही, वरचा पापुद्रा बघता बघता उडतो. सोबत आलेले जुने पट्टेही टाकून द्या. पट्ट्याच्या जोडाचा डिंक सुकलेला असतो, माझा एक पट्टा फाटकन तुटला. धुळीच्या पिशवीतून बारीक धूळ बाहेर येत राहते, मास्क हवाच. आणि 1978 च्या आधीच्या घरातल्या रंगवलेल्या लाकडाला हे लावू नका, त्या रंगात शिसं असू शकतं.

पुढच्या रोलरचं बेअरिंग आता कुरकुरायला लागलंय. त्याच्या अंगावरचा नंबर वाचून नवं मागवलं आहे. तोवर चौरंगाचे पाय हातानेच घासतोय.