पट्टी पळत होती आणि मी लॅपटॉपकडे बघत होतो

इंदूरला सांवेर रोडवर माझं छोटं युनिट आहे. आधी नुसत्या शटरच्या पट्ट्या काढायचो. सोलर स्ट्रक्चरवाल्यांची मागणी वाढली तेव्हा सी-पर्लिनची (पत्र्याच्या C आकाराच्या लांब दांड्यांची) एक जुनी रोल फॉर्मिंग लाइन घेतली. २ मिमी जाडीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी एका टोकाने आत जाते, रोलच्या एकेका जोडीतून, म्हणजे स्टँडमधून, वळत जाते आणि दुसऱ्या टोकाला ६ मीटरची पर्लिन कापली जाते. गेल्या पावसाळ्यात हीच पट्टी सरळ आत जाईना. ऑपरेटर म्हणाला, "सेठजी, पट्टी भाग रही है." शब्द अगदी बरोबर होता. पहिल्या दोन स्टँडमध्येच ती डावीकडे सरकायची आणि पर्लिनचा एक पाय (C ची एक बाजू) ५४, दुसरा ४६ मिमी व्हायचा. दोन्ही ५० हवेत. असा माल कोण घेणार?

आम्ही साइड गाइड आवळले. पट्टीची कड दुमडायला लागली. पट्टीची कॉइल (गुंडाळी) ज्यावर फिरते त्या डिकॉइलरचा ब्रेक सैल केला, तर कॉइल मोकळी सुटून झोळ पडायला लागला. ब्रेक घट्ट केला तर पट्टी रोलमध्ये घसरायला लागली. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी धंद्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रडगाणं टाकलं आणि तासाभरात "त्याचा", म्हणजे मशीन दुरुस्त करणाऱ्या एका इंजिनिअरचा, फोन आला.

शुद्ध मराठी. "दादा, आपण आपल्यातलेच. परक्या मुलखात आपल्या माणसानं आपल्या माणसाला सांभाळायचं." आता खरं सांगायचं तर माझ्या चार पिढ्या इंदुरातच गेल्या, मला कसला आलाय परका मुलूख! पण इथे दिवसभर हिंदीत घासाघीस करून कान थकतात, आणि कोणी "दादा" म्हणून बोलायला लागलं की माणूस अर्धा तिथेच विरघळतो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तो आला, पोहे-जलेबी खाल्ली आणि सरळ पॅनेल उघडून लॅपटॉप जोडला. कॉइलला त्याने हात लावला नाही. पट्टीची जाडी मोजली नाही, रोलमधली फट बघितली नाही. माझ्या लक्षात आलं होतं हे, पण मला वाटलं, नवीन पद्धत असेल. मध्येच त्याने ऑपरेटरला चहा सांगायला पाठवलं आणि मला म्हणाला, "दादा, मशीनचं जुनं बिल असलं तर बघू या." मी ऑफिसात गेलो. दहा मिनिटं तो मशीनपाशी एकटा होता.

परत आलो तर म्हणाला, "एन्कोडरचं कार्ड गेलंय. म्हणून फीडिंग बिघडलंय. आता लांबीसुद्धा चुकायला लागेल, बघा." चालवून बघितलं, आणि खरंच, ६ मीटरची पर्लिन ६० मिमी आखूड आली. दुसरी ६० मिमी आखूड. तिसरीही तेवढीच. मी तर हबकलोच. सकाळपर्यंत लांबी चोख होती, आणि या माणसाने बघून आधीच सांगितलं!

इथे थोडं थांबतो, कारण सगळी गोम याच ६० मिमीमध्ये होती. पट्टीवर एक चाक फिरतं, त्याला फेरे मोजणारा एन्कोडर जोडलेला असतो. आमच्या चाकाचा घेर ३०० मिमी आहे आणि स्क्रीनवर तो आकडा भरलेला असतो. तिथे कोणी ३०३ भरलं, तर चाकाच्या एका फेऱ्यात पट्टी जाते ३०० मिमी, मशीन मोजतं ३०३. म्हणजे टक्काभर आखूड, ६ मीटरला जवळपास ६० मिमी. खराब एन्कोडर, ढिलं कपलिंग किंवा घसरणारं चाक असलं की चूक दर नगाला वेगळी येते, कधी ५ मिमी, कधी ४०. चाक घसरलं तर माल उलट लांब येतो. दर वेळी तेवढीच चूक म्हणजे कुणीतरी आकडा बदललाय. हे आज मी शहाण्यासारखं लिहितोय. तेव्हा घाम पुसत होतो.

कार्ड, म्हणजे पॅनेलमधलं सर्किट बोर्ड, त्याने काढून नेलं. "बंगळुरूला टेस्टिंग, नाहीतर नवीन इंपोर्टेड." व्हिजिटचे ७,००० आणि ३५,००० ॲडव्हान्स यूपीआयने, उरलेले १,००,००० नवीन कार्ड बसवताना रोख. रोखीचं कारण काय, तर "पुढच्या पार्टीला कॅशच लागते, दादा". नऊ दिवस लाइन बंद राहिली. दोन ऑर्डरी शेजारच्याने उचलल्या. दहाव्या दिवशी तो चकचकीत स्टिकर लावलेलं कार्ड घेऊन आला, बसवलं, लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "ट्रायलला ही गंजकी कॉइल नको, ती कोपऱ्यातली लावा." कोपऱ्यातली कॉइल जुन्या व्यापाऱ्याकडची होती. लावली. पट्टी सुतासारखी सरळ गेली, लांबी ६ मीटर, दोन्ही पाय ५०. मी त्याला नारळ दिला. खोटं नाही सांगत, नारळ आणि शाल.

अकरा दिवसांनी ती कॉइल संपली. नव्या लॉटची लावली. पट्टी पुन्हा डावीकडे.

फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे दादा". नंतर "व्हिजिटचे परत ७,००० पडतील". नंतर नुसतीच रिंग. मग मी सुदामानगरच्या काकांना बोलावलं. ते आधीच आठवायला हवे होते. काका इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये फिटर होते. १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. फसवणूक म्हणजे काय हे त्यांना मी काय सांगणार! सगळं ऐकून ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "अरे, कॉइल उलटी लावून बघितलीस का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

चेनपुलीने कॉइल उचलली, डाव्याची उजवी बाजू करून चढवली. पट्टी वरून यायची ती आता खालून येऊ लागली. जीआयला दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून चालतं; रंगीत पत्र्याला असं करता येत नाही. पट्टी सोडली, तर पळायला लागली उजवीकडे. काका म्हणाले, "बघ. मशीनचा दोष असता तर डावीकडेच पळाली असती. बाजू बदलली, म्हणजे दोष कॉइलमध्येच आहे."

मग ३ मीटरचा तुकडा कापून फरशीवर ठेवला आणि एका कडेला टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध दोरी आणि पट्टीत ११ मिमी फट. पट्टी तलवारीसारखी वाकडी होती. रुंद कॉइल मध्ये किंचित जाड आणि कडांना पातळ असते. ती चिरली की कडेच्या पट्ट्यांमधला ताण मोकळा होतो आणि त्या वाकतात. मोठ्या व्यापाऱ्यांना हे माहीत असतं. मला नव्या व्यापाऱ्याने किलोमागे दीड रुपया कमी लावला होता आणि मी खूश होतो. का कमी, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. पहिल्या स्टँडच्या मध्यापासून डिकॉइलरपर्यंत दोरी धरली, तर कॉइल मध्यापासून १२ मिमी बाजूला बसत होती, कारण आतली एक रिंग तुटलेली. ती किती दिवसांची तुटलीय, कोणालाच ठाऊक नव्हतं. गाइडच्या रोलरचे बेअरिंग खडखडत होते. रोलच्या दोन्ही टोकांना गेज घालून फट तपासली, ती मात्र सारखी निघाली. बेअरिंगचे ६४० रुपये लागले, रिंग शेजारच्या लेथवर झाली. वाकडी कॉइल व्यापाऱ्याला परत केली. कुरकुरला, पण फरशीवरची दोरी त्याला दाखवल्यावर घेऊन गेला.

आणि कार्ड? काका म्हणाले म्हणून पॅनेल उघडून ते बाहेर काढलं. मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलं होतं "१४/३". लाइन बसवली त्या दिवशी आमच्याच वायरमनने टाकलेली तारीख. माझंच कार्ड, वर नवं स्टिकर. १,४२,००० रुपयांचं स्टिकर.

त्याने दिलेल्या बिलावर जीएसटी नंबर होता, सुरुवातीला २३ सुद्धा, म्हणजे मध्य प्रदेशचा कोड बरोबर. सीएने अक्षरं मोजली. १५ हवीत, १४ होती. वर मलाच ऐकवलं की १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च असाही मान्य होत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर "ये तो लेन-देन का मामला है". तरी अर्ज दिलाय, यूपीआयच्या पावत्या आणि कार्डाचा फोटो जोडून. पोच घेतली आहे.

गेल्या आठवड्यात पालद्याच्या एका ओळखीच्याचा फोन आला. "दादा, तुमच्याकडची लाइन ज्यांनी चालू करून दिली ते इंजिनिअर आलेत. तुमचंच नाव सांगितलं. चांगला माणूस आहे ना?"

"पट्टी पळतेय का तुझी?"

"हो, तुम्हाला कसं कळलं?"

"कॉइलला हात लावला त्याने?"

"नाही हो, लॅपटॉप जोडलाय."

"आणि तुझा ऑपरेटर कुठे आहे?"

"चहा सांगायला गेलाय."