जांभळाचं व्हिनेगर, ॲपल सायडर आणि माझी शुगर: दहा महिने वापरून

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही की डाएटिशियन नाही, बदलापूरला राहते, रोज लोकलने दादरला नोकरीला जाते, वय ४६. जानेवारीत ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं तिथून हे सगळं सुरू झालं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, म्हणजे उंबरठ्यावर उभ्या. माझ्या आईला इन्सुलिन चालू आहे, तिच्या पोटावरचे सुईचे डाग रोज बघते मी, त्यामुळे घाबरलेच. डॉक्टरांनी सांगितलं चाला, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या. पण लेडीज डब्यात एवढ्यावर कोण सोडतं, तिथे सकाळी ७.१० च्या गाडीला तीन जणींनी तीन उपाय सांगितले आणि त्यातला एक तिघींचाही कॉमन होता, ॲपल सायडर व्हिनेगर, उठल्या उठल्या, कोमट पाण्यात.

मग काय, ऑनलाइन मागवलं. अर्ध्या लिटरची बाटली साडेतीनशेच्या आसपास. 'विथ मदर' वालं घ्यायचं हे एव्हाना पाठ झालेलं. तळाला जो गढूळ गाळ दिसतो ना तो मदर, म्हणजे ॲसेटिक ॲसिड बनवणारे बॅक्टेरिया आणि त्यांनी विणलेली सेल्युलोजची जाळी. आधी यीस्ट फळातल्या साखरेची दारू करतं, मग हे बॅक्टेरिया हवेच्या मदतीने त्या दारूचं ॲसिड करतात, दोन पायऱ्यांचं काम आहे. ऐकायला भारी वाटतं, पण मदर आहे म्हणून ते दह्यासारखं प्रोबायोटिक होतं असं नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तोपर्यंत मी रोज बाटली भक्तिभावाने हलवून घ्यायचे.

पहिला महिना मी जे केलं ते करू नका. रिकाम्या पोटी, दोन मोठे चमचे, अर्धा कप पाण्यात, नाक दाबून एका घोटात. "ॲसिडिटी जाते" असं सगळे सांगतात, माझी वाढली. जळजळ इतकी की ठाणे येईपर्यंत बसायला जागा मिळाली तरी बसवत नव्हतं. आणि वर लगेच ब्रश, कारण तोंडाला वास यायचा. दोन महिन्यांनी माठातलं पाणी पिताना समोरच्या दातांतून कळ गेली. डेंटिस्टने आरसा हातात दिला आणि दाताची कड दाखवली, जरा पारदर्शक झाल्यासारखी दिसत होती, काचेच्या कडेसारखी. म्हणाले, ॲसिडने इनॅमल मऊ पडलेलं असतं आणि तुम्ही त्यावर लगेच ब्रश घासताय, म्हणजे स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर मारताय. त्यानंतर जेवणाबरोबर घ्यायला लागले, मोठ्या ग्लासभर पाण्यात एक चमचा, वर साधं पाणी प्यायचं, चूळ भरायची, आणि निदान अर्धा-पाऊण तास ब्रशला हात लावायचा नाही. कळ कमी झालीय पण गेलेलं इनॅमल परत येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा, शुगरचं काय झालं. मी अकाउंट्समध्ये आहे त्यामुळे आकडा दिसल्याशिवाय चैन पडत नाही. आईचं ग्लुकोमीटर घेतलं आणि आठ रविवार प्रयोग केला. एक वाटी मोजून पोहे, तेवढंच तेल, तेवढेच दाणे, एका रविवारी नुसते, पुढच्या रविवारी आधी व्हिनेगरचं पाणी, आणि तासाने बोट टोचायचं. नुसत्या पोह्यांचे आकडे आले १६८, १८१, १५९, १७४. व्हिनेगरवाले १५२, १७०, १४९, १६६. सरासरी काढली तर साधारण ११ चा फरक. मी नवऱ्याला मोठ्या रुबाबात दाखवलं. तो म्हणाला मीटरची स्वतःची चूक किती धरतात? बघितलं तर शंभरच्या वर १५ टक्के इकडंतिकडं चालतं असं स्टँडर्डच आहे. म्हणजे १७० ला पंचवीसेक. माझे ११ त्यातच गडप. शिवाय आदल्या रात्री काय जेवले, झोप झाली की नाही, ते कुठे धरलं होतं मी. तरी एक आहे, चारही वेळा व्हिनेगरवाला आकडा आधीच्या रविवारपेक्षा खालीच आला, वर एकदाही नाही, त्यामुळे अगदीच काही नाही असंही माझं मन मानत नाही.

आणि हे हवेतलं नाहीये. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरोल जॉन्स्टन यांनी २००४ मध्ये २९ जणांवर हा प्रयोग केला होता, जेवणाआधी २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर, मग पांढरा बेगल (मैद्याचा गोल पाव) आणि संत्र्याचा ज्यूस. ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं पण डायबेटिस झाला नव्हता, म्हणजे माझ्यासारखे, त्यांच्यात फायदा जास्त दिसला. कारण असं सांगतात की ॲसिडमुळे पोट सावकाश रिकामं होतं, स्टार्च फुटायचा वेगही मंदावतो, त्यामुळे साखर एकदम चढत नाही. पण जेवणात स्टार्च असेल तरच त्याला काही काम, सकाळी रिकाम्या पोटी पिऊन ते कशाला अडवणार, आत काही असायला तर हवं! आणि आम्ही सगळ्या जणी नेमकं तेच करत होतो.

वजनाचं पण सांगते कारण बऱ्याच जणी त्यासाठीच घेतात. जपानमध्ये २००९ चा एक अभ्यास आहे, १५५ लोक, १२ आठवडे, रोज १५ मिली घेणाऱ्यांचं वजन सव्वा किलोच्या आसपास उतरलं, ३० मिलीवाल्यांचं दोन किलोच्या आसपास, आणि बंद केल्यावर परत चढलं. शिवाय करणारी मंडळी तिथल्या व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीचीच. तीन महिने रोज आंबट तोंड करून सव्वा किलो, मी तर म्हणते रात्रीचा एक भात कमी केला तरी तेवढं होईल. त्यानंतर २०२४ मध्ये लेबनॉनमधला एक पेपर गाजला, १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो वगैरे, आमच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड दहा वेळा तरी फिरला असेल. तो पेपर २०२५ मध्ये जर्नलने मागे घेतला, आकड्यांतच गडबड होती. मागे घेतल्याचा फॉरवर्ड मात्र एकदाही आला नाही.

मधे मी तेपाचेचं पण खूळ केलं. मेक्सिकोमधलं पेय आहे, अननसाची सालं, गूळ, दालचिनी, पाणी, दोन-तीन दिवस आंबवायचं. कल्पना मस्त, नाहीतरी सालं फेकतोच आपण. मी हुशारी करून ते काचेच्या बाटलीत भरलं, झाकण गच्च लावलं आणि मे महिन्यात ओट्यावर ठेवून ऑफिसला गेले. संध्याकाळी दार उघडलं तर सासूबाई हॉलमध्ये देवासमोर बसलेल्या, म्हणाल्या "तुझं ते मेक्सिको फुटलं". झाकण उडून थेट ट्यूबलाइटच्या पट्टीला, छतावर चिकट डाग, अजून आहे तो. गॅस होतो हो आत, रोज झाकण सैल करून सोडावा लागतो. दुसऱ्यांदा नीट जमलं, चव खरंच छान, किंचित फसफसणारं, पण प्यायल्यावर तासाने बघितलं तर १९२! गूळ सगळा कुठे आंबतो दोन दिवसांत, बराचसा तसाच राहतो. म्हणजे आतड्याला चांगलं म्हणून प्यायचं आणि शुगर वर न्यायची. शिवाय थोडी दारू पण तयार होतेच त्यात, मुलांना देऊ नका. नाक मुरडू नका, आपलं द्राक्षासव पण त्यातलंच, धायटीची फुलं घालून आंबवतात, बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं असतं बघा.

पण खरा जीव जडला तो जांभळाच्या व्हिनेगरवर. बदलापूरला राहून जूनमध्ये जांभळं नाही आणायची तर कधी. दोन किलो घेतली, पिकलेली, थोडी फुटकी पण चालतात, कुजलेली नाही. हाताने कुस्करली (आठवडाभर बोटं जांभळी, ऑफिसमध्ये सगळ्यांनी विचारलं), दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी, २०० ग्रॅम गूळ, सगळं चिनी मातीच्या बरणीत, वर सुती फडकं, दोरा. रोज दोनदा लाकडी चमच्याने ढवळायचं. तिसऱ्या दिवशी कान लावला तर आत पावसासारखा बारीक आवाज, आणि वर गुलाबी फेस. दहाव्या दिवशी गाळलं तेव्हा घरात चक्क दारूचा वास. मग त्यात ॲपल सायडरच्या बाटलीतलं दोन चमचे गढूळ घातलं, दह्याला विरजण लावतो तसंच, आणि फडकं बांधून कपाटात. हवा लागायला हवी पण चिलटं नकोत, फडकं चौपदरी घ्या, माझं पहिल्यांदा दुपदरी होतं आणि चिलटांनी संसार थाटला होता. धातूचं झाकण नको, ॲल्युमिनियमचं भांडं तर नकोच, ॲसिड आहे ते.

तीन आठवड्यांनी वर साय धरली, गुळगुळीत, चिवट, जांभळट, चमच्याने उचलली तर अख्खी चकती. मदर! मी फोटो काढले, बहिणीला पाठवले. दुसऱ्या दिवशी बघते तर गायब. सासूबाईंनी "शेवाळ धरलं होतं" म्हणून काढून मोरीत टाकली आणि वर बरणीला फडकं नीट बांधून ठेवलं. मला रडावं की हसावं कळेना. पण दहा दिवसांत नवीन आली, ती जात चिवट असते. फक्त हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी आली तर मात्र अख्खी बरणी ओतून द्या, वरवरचं काढून चालत नाही. पूर्ण आंबट व्हायला अडीच महिने लागले. घरचं आहे त्यामुळे ॲसिड किती टक्के आहे माहीत नाही, म्हणून लोणच्यात टिकायला वगैरे मी हे वापरत नाही. चव मात्र, काय सांगू, आधी जांभळाचा तुरटपणा येतो आणि मग आंबट, विकतच्या ॲपलवाल्याला ती सर नाही. जांभूळ म्हणजे डायबेटिसचं औषध असं सगळे म्हणतात, पण त्यासाठी मी हे पीत नाही, माझ्या बोटाच्या आकड्यांत ॲपल आणि जांभूळ यात काही फरक दिसला नाही.

बाजारातून घेणार असाल तर लेबल वाचा. 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं, चायनीज करायला ठीक आहे, फळाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्या गमीज, व्हिनेगरच्या गोळ्या म्हणून, बहिणीने आणल्या होत्या, साखर घातलेली होती त्यात. शुगरसाठी साखर घातलेली गोळी, ह्यापुढे मी काही बोलत नाही.

आईला मी हे देत नाही. तिला हवं होतं, खूप मागे लागली, पण इन्सुलिन आणि बीपीची लघवीची गोळी चालू असताना शुगर किंवा पोटॅशियम खाली जाऊ शकतं म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. ऑस्ट्रियातली एक केस वाचली होती, २८ वर्षांची बाई सहा वर्षं रोज पाव लिटर ॲपल सायडर व्हिनेगर प्यायची, पोटॅशियम पार उतरलं आणि हाडं ठिसूळ झाली. पाव लिटर कोण पितं म्हणाल, पण "नैसर्गिक आहे" म्हणून वाढवत जाणाऱ्या आमच्या डब्यातच दोघी आहेत.

माझं एचबीएवनसी एप्रिलमध्ये ६.०, ऑगस्टमध्ये ५.८. वजन ७१ चं ६८. आता हे व्हिनेगरने झालं का? त्याच काळात मी संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा सोडून चालत यायला लागले, पंचवीस मिनिटं, आणि ऑफिसमधले दोन साखरेचे चहा बंद केले. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले चालण्याला सत्तर मार्क, चहाला पंचवीस, बाकीचे पाच तुमच्या बाटलीला, खूश? मी खूश.

सप्टेंबरपासून पिणं बंदच केलंय. जांभळाचं व्हिनेगर कोशिंबिरीत जातं, काकडी-कांदा-गाजर, दाण्याचं कूट, वर एक चमचा, लिंबाच्या ऐवजी. भाताबरोबर तीच वाटी आधी संपवते. दात ठीक, पोट ठीक, आणि घरातले सगळे खातात, सासूबाई तर "ते शेवाळाचं घाल गं जरा" म्हणून मागून घेतात. शेजारच्या मावशी मूळच्या मडगावच्या, त्यांच्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर पिढ्यान्‌पिढ्या. मी इतके महिने हे ग्लासातून घेतलं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, "पितात कशाला गो ते, पोर्कात घालायचं असतं!" जाताना अर्धी बाटली घेऊन गेल्या. रविवारी पोर्कचं सोरपोतेल आलं डब्यातून, रंग जरा जास्तच गडद, आणि चिठ्ठी, पुढच्या जूनला चार किलो कर.