एक्स-रे खोलीची भिंत: वीट, शिसे की बेरियमचा गिलावा?

पुण्यात बाणेर-वाकडच्या नव्या इमारतीत गाळा घेऊन एक्स-रे सुरू करणार असाल, तर मशीनच्या कोटेशनआधी एक गोष्ट बिल्डरकडून लेखी घ्या: भिंती कशाच्या आहेत? नव्या बांधकामात त्या बहुतेक वेळा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात. दिसायला भरभक्कम, पण एक्स-रेच्या कामाला फार अपुऱ्या.

एईआरबीचा, म्हणजे देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक असा: थेट किरण पडतात ती भिंत किमान ३५ सेंमी विटांची हवी, रुग्णावर आदळून विखुरलेले किरण पोचतात त्या २३ सेंमी, म्हणजे आपली नऊ इंची. दार-खिडक्यांना १.७ मिमी शिसे किंवा तेवढाच अडसर. आता, वीट घनमीटरला साधारण १६०० किलो भरते आणि एएसी ब्लॉक ६०० च्या आसपास. नऊ इंची विटेचे काम ब्लॉककडून करून घ्यायचे तर जवळपास दोन फूट जाडी लागेल. काँक्रीट जड, त्यामुळे तिथे सहा इंच पुरतात.

माझे मत स्पष्ट आहे. तळमजला असेल आणि जागा मोकळी असेल, तर विटेची भिंतच बांधा. दर्जा मिस्त्रीलाही कळतो, सांधे मसाल्याने पूर्ण भरले की झाले, आणि पुढे वीस वर्षे त्यात बिघडण्यासारखे काही नाही. वरच्या मजल्यावर मात्र हा हट्ट धरू नका. तीन मीटर उंचीची नऊ इंची भिंत धावत्या मीटरला एक टनाहून जास्त वजन टाकते. खाली बीम नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर ‘नाही’च म्हणेल, आणि त्याचे ऐकायला हवे.

तिथे शिसे. १.७ मिमीचा पत्रा चौरस मीटरला १९ किलोच्या आसपास, म्हणजे तेवढेच काम करणाऱ्या विटेच्या सुमारे विसाव्या भागाइतका. निदानाच्या एक्स-रेची ऊर्जा कमी असते आणि त्या पट्ट्यात जड अणू किरण फार जोमाने शोषतात. शिशाचा अणुक्रमांक ८२, विटेतल्या सिलिकॉनचा १४. पण शिसे मऊ असते. नुसते वरून ठोकले तर स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षे खाली सरकते आणि वरच्या बाजूला फट पडते. म्हणून पत्रा प्लायला पूर्ण चिकटवलेलाच घ्या, सांध्यांवर पत्र्यावर पत्रा चढवून घ्या, आणि स्विचबोर्ड किंवा एसीच्या पाइपसाठी भोक पाडले की त्यामागे वेगळा तुकडा लावायला सांगा. शिसे विषारी आहे, उघडे ठेवू नका.

बेरियम सल्फेटचा गिलावा हा मधला मार्ग. त्याला सांधे नसतात, आणि विखुरलेल्या किरणांच्या ऊर्जेला बेरियम चांगला अडवतो. अडचण एकच, पण मोठी: मिश्रण आणि जाडी अंदाजाने केली तर भिंत एका ठिकाणी सुरक्षित आणि हातभर अंतरावर उघडी. प्रमाण मोजून घालणारा, प्रत्येक थर तपासू देणारा कंत्राटदार मिळाला तरच हा पर्याय निवडा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असतात, हे खरे. पण कोनाडा आला की ती जाडी निम्म्यावर येते आणि मातीच्या सांध्यांचा भरवसा नाही. सगळ्यात पातळ जागा मोजा, सगळ्यात जाड नव्हे.

जमिनीकडे तर हमखास दुर्लक्ष होते. टेबलावरच्या रुग्णातून निघालेला थेट किरण खालीच जातो, आणि पाच इंची स्लॅब ३५ सेंमी विटेच्या जवळपासही येत नाही. खाली कुणाचे दुकान किंवा घर असेल तर ती जागा सोडून तळमजल्याची बघा. छातीचे फोटो घेण्याचा स्टँड बाहेरच्या, वर्दळ नसलेल्या भिंतीला लावा.

दारासाठी निवड करायचीच नाही: शिसेच. फक्त दाराच्या पत्र्याने चौकटीतल्या शिशावर सगळ्या बाजूंनी चढायला हवे. सुताराला हे काम सुरू होण्याआधी कागदावर काढून द्या, आणि मशीन लागल्यावर किरण मोजणारे सर्व्हे मीटर आधी दाराच्या फटीपाशी धरायला लावा.